तावोंगाचा पासवर्ड

म्झुझू गावच्या बाजारामागे तावोंगाचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. कचेऱ्यांनी टाकून दिलेले खटारा कॉम्प्युटर ती उचलून आणायची, दुरुस्त करायची आणि त्यांच्यावर लिनक्स ही हलकी, फुकटची प्रणाली चढवायची. दुसरं काही चालवायला घेतलं की ती म्हातारी यंत्रं धापा टाकायची, लिनक्सवर मात्र सुरळीत चालायची. पोरं अर्ज भरायला येत, पाद्री प्रवचन टाइप करायला. नवरा म्विझा गल्ल्यावर बसून सांगायचा, "डोकं हिचं, मी नुसता शोभेला."

म्विझा मलेरियानं गेला. त्याला माती दिली आणि दुसऱ्याच सकाळी दीर खुंबोनं दुकानाचं कुलूप बदललं. भावाची वस्तू भावाकडे, असं त्याचं म्हणणं. घरातल्या थोरांनी माना डोलावल्या. तावोंगानं गुडघे टेकून विनवलं, तेव्हा सगळ्यांदेखत तो म्हणाला, "तू कसली मालकीण? माझ्या भावाच्या जिवावर बटणं दाबत होतीस."

ते बोलणं तिच्या काळजात रुतलं. तान्ह्या मुलीला पाठीशी बांधून ती एक्वेन्देनीला माहेरी आली, लोकांचे मोबाइल दुरुस्त करू लागली आणि वाट बघू लागली.

कशाची, ते तिला पक्कं ठाऊक होतं. यंत्रं रोज वापरायचा साधा पासवर्ड खुंबोकडे होता. पण आतली प्रणाली बदलायची तर दुसरा पासवर्ड लागे आणि तो फक्त तिला माहीत होता. प्रणाली जुनी होत गेली, तसा तिच्यातला ब्राउझरही जुना झाला. शेवटी विद्यापीठाच्या अर्जाचं पान त्यावर उघडेना. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाऊ लागलं, तसा खुंबो एक्वेन्देनीला आला.

तिनं त्याला बसवलं, चहा दिला, रताळी पुढे ठेवली. तो चाचरत म्हणाला, "वहिनी, झालं गेलं विसरून जा. तेवढा पासवर्ड दे."

तिनं लगेच कागदावर लिहून दिला. वर समजावूनही सांगितलं: नवी आवृत्ती घ्यायची तर सोमवारी सकाळी घ्या भाऊजी, सगळी यंत्रं एकदमच लावा, म्हणजे एका दिवसात उरकेल.

सोमवारी बाजाराकडची वीज दुपारच्या आत जाते, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. खुंबोलाही ते माहीत होतं. पण अर्ध्यात वीज गेली तर काय होतं, ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं सोमवारी सगळी यंत्रं लावली आणि वीज गेली. जुनं निम्मं काढलेलं, नवं निम्मं बसलेलं, अशा अवस्थेत सगळी यंत्रं एकाच वेळी बंद पडली. वीज आली तरी पडदे काळेच. दारात अर्जवाल्या पोरांची रांग होती आणि त्यांचे दाखले त्या यंत्रांत अडकले होते. पोरांचे बाप जमले, शिवीगाळ झाली, एकानं खुंबोची कॉलर धरली.

मग थोरांचं बोलावणं आलं. तावोंगा खिशात पेनड्राइव्ह घालून गेली. त्याच्यावरच्या लिनक्सवर एक यंत्र तिनं सुरू केलं आणि सगळ्यांना दाखवलं, दाखले जागच्या जागी होते. पोरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तिनं लगेच यंत्र बंद केलं.

"आता भाऊजींनी सांगावं, यंत्रं कुणाची?"

पोरांच्या बापांपैकी कुणीतरी खुंबोला कोपरानं ढोसलं. तेव्हा तो पुटपुटला, "तुझी."

"ऐकू नाही आलं."

"तुझी, वहिनी. सगळी तुझीच."

थोरांत बसलेले सासरे म्हातारे होते, पण चटकन ओळखणारे. त्यांनी हळूच विचारलं, "पोरी, वीज जाणार हे तुला ठाऊक होतं ना?"

"होतं, आबा."

ते उठून बाहेर गेले. त्यांच्यावर तिचा जीव होता. तेवढं एक तिला टोचलं, पण केलं त्याचा पस्तावा वाटला नाही.

पोरांचे दाखले तिनं ज्याचे त्याला काढून दिले. मग यंत्रं टेंपोत भरली. खुंबोनं विचारलं, निदान एखादं तरी दुरुस्त करून ठेवशील का. ती म्हणाली, "बटणं दाबणारी बाई मी. मला काय जमणार?"

एक्वेन्देनीला बाजारात खोली घेऊन तिनं प्रत्येक यंत्रावर नवं लिनक्स कोरं बसवायला घेतलं. एकावर खुंबोच्या नावाचं खातं निघालं, त्यात त्याच्या लग्नाचे फोटो. ते वेगळे ठेवावेत का, असा विचार तिच्या मनात आला खरा. पडद्यावर प्रश्न आला: सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं?

तिनं "हो"चं बटण दाबलं आणि पुढचं यंत्र जवळ ओढलं.