चतुर्थीला बॉयलर बंद

"मॅडम, गणपती माझ्या घरात आनि मी बॉयलरवर? असं कसं चालंल?"

म्हात्रे माझ्या टेबलासमोर उभा होता. एवढा धिप्पाड गडी, पण डोळे भरून आले होते.

मी तेव्हा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत पर्सोनेल ऑफिसर होते. म्हणजे माणसांच्या रजा, भांडणं आणि रुसवेफुगवे सांभाळणारी. म्हात्रे जवळच्या कासू गावचा, आमचा बॉयलर अटेंडंट. बॉयलर चालवायला सरकारी परवाना लागतो आणि परवाना असलेला दुसरा माणूस पाय मोडून घरी बसला होता. त्यात भावाभावांत फिरणारी गणपतीची पाळी यंदा पहिल्यांदाच म्हात्रेकडे आलेली. पेणला मूर्ती सांगून झाली होती. आणि मुंबईच्या हेड ऑफिसने परदेशी कस्टमरची प्लांट व्हिजिट ठेवली नेमकी चतुर्थीला, म्हणजे बॉयलर चालू हवाच!

मी तडक वर्क्स मॅनेजर दामले साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, डायरेक्टरना कळवलं नाही का?"

"कळवलंय की! चांगली ई-मेल केलीय. उत्तरही आलंय."

ई-मेलची तेव्हा नवी नवलाई होती. प्लांटमध्ये एकच कनेक्शन, तेही लागलं तर लागलं. उत्तर असं होतं: 'प्रॉडक्शन वाढल्याचं वाचून आनंद झाला. व्हिजिट ठरल्याप्रमाणे.'

मला काही टोटल लागेना. मग साहेबांची मेल वाचली. भाषा इंग्रजी, पण रीत अस्सल आपली. आधी क्षेमकुशल, मग प्रॉडक्शन, मग हायवेचे खड्डे, मग कोकणात गणपतीचं महत्त्व. व्हिजिट पुढे ढकलायची विनंती पार तळाला. पाहुण्यांचे चहापोहे झाल्यावर हळूच स्थळाचा विषय काढावा, तशी.

मी डायरेक्टरच्या सेक्रेटरीला फोन लावला. ती हसलीच. "अहो, सर वरच्या चार ओळी वाचतात आणि उत्तर देऊन टाकतात."

"साहेब, पहिल्याच ओळीत लिहा," मी म्हटलं. "चतुर्थीला बॉयलर बंद. व्हिजिट पुढच्या आठवड्यात ठेवावी."

"एकदम? उद्धटपणा दिसतो हो. डायरेक्टर आहेत ते!"

"मानपान खाली लिहा हवं तेवढं. म्हात्रेचा गणपती वर येऊ दे."

साहेबांनी घाम पुसत टाइप केलं. सेंड दाबायला काही बोट पुढे होईना, म्हणून ते मीच दाबलं. चहा संपायच्या आत उत्तर हजर: 'ओके. पुढच्या आठवड्यात. हे आधी का नाही सांगितलं?'

मला हसू आवरेना. संध्याकाळपर्यंत हा किस्सा कॅन्टीनमार्गे सगळ्या शिफ्टना पोचला होता.

चतुर्थीला मी आणि साहेब कासूला म्हात्रेकडे दर्शनाला गेलो. नवं धोतर नेसलेला म्हात्रे दारातच उभा होता. त्याला बघून मला फार बरं वाटलं. साहेब मूर्तीपुढे हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले. ओठ हलत होते, हलतच होते. मागे रांग ओटीपर्यंत गेली.

शेवटी म्हात्रेच त्यांच्या कानाशी वाकला.

"साहेब, काय पायजे ते पयल्या ओळीत सांगा. मागं मानसं हायत."