मास्तरची कवळी

सोलापूरच्या एका कापडगिरणीच्या मेकॅनिक खात्यात मी नोकरीला लागलो तेव्हा मला बाविसावं वर्ष चालू होतं, आणि आपल्याखेरीज जगात कुणाला अक्कल नाही अशी माझी खात्री होती. मुंबईला दोन वर्षं राहून मी यंत्रांची ड्रॉइंगं काढायला शिकलो होतो. गिरणीत तेवढ्या भांडवलावर मला सगळे ‘मास्तर’ म्हणू लागले. मीही तो मान उपकार केल्यासारखा घेत असे.

खात्यावर साहेब होता. तो गोरा होता, एवढीच त्याची लायकी. सकाळी यायचा, पट्ट्यांवर फिरणाऱ्या यंत्रांतून छडी हलवत एक फेरी मारायचा, कुठंतरी थांबून ‘हूं’ म्हणायचा आणि पंख्याखाली जाऊन बसायचा. त्या ‘हूं’चा अर्थ लावण्यात खात्याचा अर्धा दिवस जाई. बाकीचे टर्नर आणि फिटर म्हणजे कुलूपवाले. प्रत्येकाची एक लाकडी पेटी, पेटीला कुलूप आणि आत त्याची हत्यारं. आपल्या हत्याराची धार शेजाऱ्याला दिसू नये म्हणून ही माणसं त्यावर फडकं टाकून जेवायला जायची. सोन्याची बिस्किटं असती तरी इतकी जपली नसती.

आणि भट्टीवर होता लोहार. सांगोल्याकडचा, पन्नाशी उलटलेला, एका डोळ्यानं अधू. त्याला सगळं खातं मामा म्हणायचं. लेथवर लोखंड फिरतं आणि पुढं घट्ट धरलेलं हत्यार ते कातत जातं. त्या काळी हे हत्यार म्हणजे वीतभर लांबीची अखंड पोलादी कांब असे. तिचं टोक झिजलं की ती मामाकडे जायची. मामा ती तापवायचा, ठोकून टोक घडवायचा, मग पुन्हा तापवून पाणी द्यायचा. पाणी देणं म्हणजे नेमक्या रंगाला आलेलं पोलाद बुडवून कडक करणं. रंग ओळखायला मामाजवळ ना पुस्तक ना मापक. अधू डोळा मिटायचा, चांगला डोळा बारीक करायचा आणि ‘आता’ असं स्वतःशीच म्हणून कांब बुडवायचा. असल्या अडाणीपणावर एवढी गिरणी चालते याची मला लाज वाटायची, आणि ती मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

माझी योजना साधी होती. कापायचं काम टोकाचं, मग विलायती महाग पोलाद वीतभर कशाला? दांडा साध्या लोखंडाचा करायचा. त्याच्या पुढच्या तोंडाला तिरपी खाच पाडायची. खाचेत बोटाच्या पेराएवढा पोलादाचा दात बसवायचा आणि वरून स्क्रूनं आवळायचा. दात झिजला की काढा, दुसरा घाला. धारेला लागणारा तिरपेपणा खाचेतच असल्यामुळं टर्नरला डोकं चालवायचं कारण नाही. कुलपातली सगळी विद्या एका खाचेत कोंबली, असं मी साहेबाला ऐटीत सांगितलं. अशा दांड्याचं चित्र मी मुंबईला एका विलायती कॅटलॉगात पाहिलं होतं, हे मात्र सांगितलं नाही.

खात्यात हसण्याची लाट आली. मोठ्या लेथवर एक तेलुगू घरातला टर्नर होता. भाऊ सगळे मागावर आणि हा एकटा लोखंडात. तो म्हणाला, “बत्तीशी पडली की माणूस कवळी बसवतो, आता लेथलापण बसवा.” त्या दिवसापासून माझ्या हत्याराचं नाव पडलं मास्तरची कवळी. मी मनात म्हटलं, हसा लेको, हसा.

एक मामा तेवढा हसला नाही. त्यानं दांडा हातात घेऊन फिरवला, खाचेत अंगठा घालून तळ चाचपला आणि म्हणाला, “झ्याक हाय की. पन मास्तर, दाताचं सगळं बळ बुडाखाली असतंय. हितं केसभर जरी पोकळ ऱ्हायलं, तर दात मोडंल.” अडाण्याकडून शाबासकी घेणं मला अपमानाचं वाटलं आणि सल्ला घेणं त्याहून. मी दांडा त्याच्या हातातून काढून घेतला. तरीपण दातांना पाणी त्यालाच द्यायला लागलं, कारण मला ते येत नव्हतं. त्यानं आठ दात तयार करून दिले.

साहेबानं चाचणी ठरवली ती दसऱ्यानंतरची. गिरणीचा एक मोठा शाफ्ट, म्हणजे पट्टे फिरवणारा लोखंडी आस, त्या कवळीनं कातायचा. मला आणि मामाला समोर उभं करून त्यानं आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत बजावलं की दांडा मास्तरचा आणि पाणी लोहाराचं. दात मोडला तर ज्याची चूक असेल तो घरी जाईल. त्याला यातलं काही कळत नव्हतं, म्हणून निकाल इतका सोपा वाटत होता. मामानं नुसती मान हलवली. मी वरवर हसलो.

खंडेनवमीला खात्यात हत्यारांची पूजा असे. यंत्रांना झेंडूच्या माळा, भट्टीपुढं नारळ, आणि एका पाटावर सगळ्यांची हत्यारं मांडलेली. मधोमध मामाचा घण ठेवायचा, हा रिवाज जुना. त्या वर्षी मी तो घण बाजूला सारून मधे माझा दांडा ठेवला आणि त्याच्यापुढं आठही दात तबकात ओळीनं मांडले. नव्या युगाची पूजा नव्या हत्यारानं, असं काहीतरी बोललोही. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मामा वाकून एवढंच म्हणाला, “मास्तर, खाच उघडी हाय. अक्षता जातील आत. दात बसवून ठेवा, न्हाईतर चिंधी तरी कोंबा.”

“मामा, तुम्ही घण सांभाळा,” मी म्हणालो. “खाच माझी मी बघतो.”

दोघंतिघं फिसकन हसले. मग हळदकुंकू झालं, नारळाचं पाणी शिंपडलं आणि तीस माणसांनी मुठी भरभरून अक्षता टाकल्या. दसरा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून सगळं तसंच राहिलं. चाचणीच्या सकाळी मी दांडा पाटावरून उचलला, झटकला, वरवर पुसला आणि दात बसवून स्क्रू आवळला. खाचेत वाकून बघणं हे हमालाचं काम, माझं काम डोक्याचं, अशी माझी समजूत होती.

साहेब घड्याळ हातात घेऊन उभा होता. तेलुगू टर्नरनं लेथ चालू केला. दात शाफ्टला भिडला, वीतभर कातलं गेलं नाही तोच दांडा थरथरायला लागला आणि कडकन दात मोडला. दुसरा बसवला. तीच थरथर, तोच आवाज. खरं सांगायचं तर दुसऱ्या दाताच्या थरथरीलाच मला कळलं होतं. बूड बसलेलं नाही. पण स्क्रू काढून खाच बघितली असती तर सगळ्यांदेखत बघावी लागली असती. मी तिसरा दात तसाच घातला. तोही मोडला.

“पाणी चुकलंय,” मी साहेबाकडे वळून मोठ्यानं म्हणालो.

मामानं खाली पडलेला तुकडा उचलला, तळहातावर घेऊन साहेबापुढं धरला. “न्हाय सायेब. ही मोडल्याली जागा बघा. राखेवानी बारीक हाय. पानी चुकलं असतं तर साकरंवानी खडं दिसलं असतं.” मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणाला, “दाताचं बूड बसलं न्हाय, मास्तर. खाच उघडून बघा की.”

तो अक्षरशः खरं बोलत होता. असं बारीक, राखाडी तोंड म्हणजे पाणी अव्वल, हे मीही शिकलेलो होतो, आणि त्या खात्यात हे दोघांनाच ठाऊक होतं, मामाला आणि मला. साहेबानं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. साहेब ‘हूं’ म्हणाला आणि जेवायला निघून गेला.

दुपारच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसल्यावर मी स्क्रू काढला. खाचेच्या आतल्या कोपऱ्यात नारळाच्या पाण्यानं चिकटून बसलेला तांदळाचा एक दाणा दाताखाली चेचून सपाट झाला होता. कुंकवानं लाल झालेला नखाएवढा पापुद्रा. तो मी चाकूच्या टोकानं खरवडून काढला आणि फुंकर मारून उडवून दिला. खाच रॉकेलनं धुतली, चौथा दात बसवला, त्याच मामानं पाणी दिलेला. संध्याकाळपर्यंत त्या एका दातानं अख्खा शाफ्ट कातला आणि तो मोडला नाही.

साहेबानं विचारलं, आता कसं झालं?

मी म्हणालो, “साहेब, या दाताला मी स्वतः पाणी दिलं.”

मामा भट्टीपाशी उभा होता. त्याला ऐकू गेलं. तो काहीतरी बोलेल, अंगावर येईल म्हणून मी वाट बघत राहिलो. पण त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, चिमटा पाण्यात बुडवून गार केला आणि खिळ्याला अडकवला. साहेबानं त्याचा हिशेब केला आणि त्या आठवड्यात घण खांद्यावर टाकून तो गावी गेला. मी खातं सुधारलं म्हणून माझी पाठ थोपटण्यात आली.

उरलेले चार दात होळीपर्यंत पुरले. मग नवे करायची पाळी आली. मी पुस्तक उघडून भट्टीपुढं बसलो. माझे दात एक तर खडीसाखरेसारखे फुटायचे, नाही तर भेंडीसारखे वाकायचे. टर्नर आपापल्या पेट्यांची कुलुपं काढून मामानं घडवलेली जुनी हत्यारं वापरायला लागले आणि माझ्याकडे बघून दात विचकायला लागले. शेवटी मी साहेबाकडे गेलो. मला ड्रॉइंगच्या कामातून सवड नाही म्हणालो, म्हाताऱ्याला एक संधी देऊ, गरीब आहे, मी त्याला नीट शिकवीन. साहेबाला माझा मोठेपणा आवडला. जा, घेऊन ये म्हणाला.

सर्व्हिस मोटारीनं सांगोल्याला गेलो. तिथून पुढं दोन कोस चालत. सगळा माळ वाळून कोळ झालेला आणि जिकडंतिकडं मेंढरं. गावाच्या कडेला लिंबाखाली मामाचा भाता चालू होता. मेंढरं कातरायच्या कातरी करत होता. दोन धनगर उकिडवे बसून वाट बघत होते. गिरणीत ज्या डोळ्यानं तो शाफ्टच्या हत्याराचा रंग बघायचा, त्याच डोळ्यानं तो तिथं चार पैशांच्या कातरीचा रंग बघत होता, तेवढ्याच बारकाईनं. मला त्याचीही कीव आली. कीव करण्याची माझी सवय इतकी जुनी की ती तिथंही सुटली नाही.

“या मास्तर,” तो म्हणाला. घोंगडं झटकून टाकलं, तांब्या पुढं केला. मी पाणी प्यालो आणि साहेबाचा निरोप सांगितला. जुनीच जागा, जुनीच भट्टी.

हातातली कातर पुरी करून त्यानं बाजूला ठेवली. मग विचारलं, “तांदूळ निघाला न्हवं?”

धनगरांच्या देखत मी खाली बघितलं.  म्हणालो, “निघाला.”

“मला वाटलंच. एकच हुता का जास्ती?”

“एकच.”

तो हसला, अगदी मोकळेपणानं, कोडं सुटल्यावर माणूस हसतो तसा. “येतो की,” म्हणाला. “न यायला काय झालं? घरात पोरीचं लगीन काढलंय, गिरणी बरीच हाय मला. तुमी फकस्त येवढं करा. सायबाफुडं, त्या समद्या लोकांत, एकदा सांगा का तांदूळ हुता म्हनून. मामाचं पानी चुकलं न्हवतं, येवढंच. सांगितल्याचं कळवा, मी दुसऱ्या दिशी हजर.”

माफी मागा म्हणाला नाही. पाया पडा म्हणाला नाही. एक वाक्य मागितलं. मी ‘बरं’ म्हणालो. त्यानं मला मोटारीच्या रस्त्यापर्यंत पोचवलं आणि वाटेत एका हातानं डोक्यावरचं मुंडासं सारखं करत म्हणाला, “खाच मातूर तुमची झ्याक हाय, मास्तर. ल्वाकं उगं हसत्यात.”

सोलापूरला येईपर्यंत ते वाक्य मी मनात शंभरदा म्हणून पाहिलं. सकाळी खात्यात गेलो. लेथ चालू होते, तीसही माणसं जागेवर होती आणि साहेब फेरीवर होता. माझ्यापाशी येऊन थांबला. लोहाराचं काय झालं, विचारलं.

“यायला तयार नाही,” मी म्हणालो. “फार माज आहे.”

“जंगली लोग,” साहेब म्हणाला.

मी म्हणालो, “येस सर.”