मंदाचा पहिला अर्ज

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. आणि जिला सांगायला हवं, तिला तर नाहीच. तुम्हालाच का सांगतेय? — तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून असेल.

मंदा माझी धाकटी नणंद. लहानपणी तापात तिचा डावा पाय लुळा पडला, तेव्हापासून कुबडी. मी लोणावळ्याची. लग्न होऊन नवलाख उंबरे गावात आले, तेव्हा पहिली गट्टी जमली ती तिच्याशीच. मुलगी वर्षाची झाली आणि मी कंपनीच्या ऑफिसात पुन्हा रुजू झाले, तेही मंदाच्या जिवावर. भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं — सगळं ती करायची. संध्याकाळी मी घरी आले तरी पोरगी तिच्याकडेच झेपावायची, आणि मला त्याचं वाईटसुद्धा वाटायचं नाही, इतकी मी निवांत होते.

मग मंदानं दिव्यांगांच्या अनुदानाचा अर्ज आणला. तिचा बेत ठरलेला होता. महिन्याच्या त्या पैशांतून जवळच्या वराळ्याला भाड्यानं खोली घ्यायची, शिलाई मशीन टाकायचं, स्वतःचं स्वतः राहायचं. घरात कागदपत्रांचं खातं माझ्याकडे. "वैनी, तुमीच भरा, तुमचं अक्षर चांगलं हाय," म्हणाली.

आता कसं सांगू? अर्जात विचारलं होतं — पायऱ्या चढता-उतरता येतात का, वजन उचलता येतं का, आधाराशिवाय किती चालता. अशा ठिकाणी काय जमत नाही ते लिहायचं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मंदाला नव्हतं. या घराची रीतच अशी, की परक्यापुढे आपलं उणं दाखवायचं नाही. ती प्रत्येक प्रश्नाला ऐटीत "जमतंय की" म्हणत गेली आणि मी लिहीत गेले. पायऱ्या ती बसून, सरकत उतरते हे मी रोज बघत होते. कळशी तर मीच उचलून देत होते. तरी लिहिलं — स्वतः करते.

तपासणीच्या दिवशी तिनं लग्नकार्यातली साडी नेसली. कुबडी रिक्षातच ठेवू का, असं मला विचारलं. मी म्हटलं, ठेव. भिंतीला धरत ती आत गेली. डॉक्टरांनी पाय मोजला, अर्ज वाचला, चालता किती म्हणून विचारलं. "तिकोना चढून आलेय मी," मंदा म्हणाली. अहो, तिला गडावर नेलं होतं माझ्या नवऱ्यानं, पाठुंगळी घेऊन. सगळ्या घराला माहीत. मी शेजारीच उभी होते, आणि तोंड उघडलं नाही.

दाखल्यावर अपंगत्व छत्तीस टक्के आलं. अनुदानाला चाळीस लागत होते.

 तिसऱ्या दिवशी मंदा पोरीला मांडीवर घेऊन हसत म्हणाली, "बगा वैनी, सरकार बी म्हनतंय मी धडधाकट." मीही हसले. पुन्हा तपासणी मागता येते, हे मी तोवर ऑफिसात विचारून घेतलं होतं. तिला मात्र सांगितलं नाही.

मी काही दुष्ट बाई नाही, असं लिहायला हात शिवशिवतोय. राहू दे.

दुसरा अर्ज भरला चार वर्षांनी. कधी, सांगू? — मुलगी पूर्णवेळ शाळेत जायला लागली, त्या जूनमध्ये. या वेळी सगळं खरं लिहिलं. कुबडी हातात दिली. तिकोन्याचा विषय निघाला तेव्हा पाठुंगळीचंही सांगून टाकलं. चारचौघांत पाणउतारा केला म्हणून मंदा आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. पण अनुदान मिळालं.

आज वराळ्यात तिची खोली आहे. दिवाळीच्या आधी ब्लाऊज शिवायला नंबर लावावा लागतो. माझी मुलगी शनिवार-रविवार तिच्याकडेच पडून असते. सगळं छान चाललंय. आलेल्या बायकांना मंदा सांगते, "आमच्या वैनीनं मागं लागून अर्ज केला, म्हनून हे दिवस." मी तिथंच बसून चहा पीत असते. एकदाही घोट अडकलेला नाही.

तिची ती चार वर्षं मी घेतली. फार सुखाची गेली मला. खोटं कशाला बोलू — आठवली की अजूनही बरं वाटतं.