शिक्षेचं जॅकेट

कमलताईंनी जॅकेट उलटंसुलटं करून पाहिलं, पाठीवरची अक्षरं मोठ्याने वाचली आणि ते माझ्या टेबलावर परत ठेवलं.

"साहेब, हे तो घालणार असेल तर आम्ही आमची घालणार नाही."

सकाळचे सहा वाजले होते. हजेरी शेडमध्ये, म्हणजे सफाई कामगार सही करून झाडू आणि गाड्या घेतात त्या पत्र्याच्या खोलीत, वीस-बावीस जण उभे होते. मी बदलापूर-अंबरनाथच्या पट्ट्यातल्या एका नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक आहे. कमलताई माझ्या मुकादम. कोणी कोणत्या बीटवर, म्हणजे रस्त्याच्या कोणत्या तुकड्यावर झाडायचं, ते त्या ठरवतात. इतक्या वर्षांत त्यांनी मला तोंडावर 'नाही' म्हटल्याचं आठवत नाही.

'तो' म्हणजे दिनेश. नाव बदललंय. राहायला मांजर्लीत, कामाला अंबरनाथ एमआयडीसीत फिटर. एका संध्याकाळी दारू पिऊन त्याने भाजी मार्केटसमोर धिंगाणा घातला आणि एका बाईचा टोमॅटोचा क्रेट लाथेने उडवला. नव्या कायद्यात अशा किरकोळ गुन्ह्याला तुरुंगाऐवजी सामुदायिक सेवा देता येते. म्हणजे लोकांच्या उपयोगाचं काम, बिनपगारी. कोर्टाने त्याला पाच दिवस, रोज दोन तास दिले. काम नगरपालिका सांगेल ते, आणि शेवटी रिपोर्ट माझ्या सहीचा.

आमच्याकडे अशी पहिलीच केस. वरिष्ठ साहेबांना ती भलतीच आवडली.

"शाळेसमोरचा चौक द्या त्याला," ते म्हणाले. "फोटो काढा, ग्रुपवर टाका. चार लोकांनी बघितलं की दहा जण सुधारतात."

ऑर्डरमध्ये ना चौक होता, ना फोटो. तरी मी मान डोलावली, आणि वर स्वतःची अक्कल चालवली. गर्दीत तो ओळखू यावा म्हणून जॅकेटवर छापूनच घेऊ. आमच्या कामगारांची जॅकेटं उल्हासनगरला एक सिंधी दुकानदार शिवतो. त्याने एका दिवसात करून दिलं. "साईं, माल वही है, बस पीछे छपाई अलग." तेच नारिंगी कापड, तीच चंदेरी पट्टी. पाठीवर मोठ्या अक्षरात 'शिक्षा' आणि खाली बारीक 'सामुदायिक सेवा'. खोटं कशाला सांगू, मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

"ताई, तुमच्या जॅकेटवर थोडंच काही लिहिलंय?" मी म्हणालो.

"शाळेच्या गेटवर कोण झाडतं, साहेब?"

ते मला माहीत होतं. त्यांची सून, रेखा. ती तिथेच खाली मान घालून उभी होती.

"माझी नात त्याच शाळेत तिसरीला आहे," कमलताई म्हणाल्या. "तो तिच्या आईच्या बाजूला उभा राहून हाच झाडू मारणार, आणि लोक म्हणणार, बघा, शिक्षा झालीय. उद्या वर्गात कोणी पोरीला विचारलं, तुझ्या आईने काय गुन्हा केला, तर तिने काय सांगायचं?"

"कायद्यात तसा अर्थ होत नाही, ताई."

"कायद्याचं राहू द्या. तुम्ही काय करता? कोणी उशिरा आलं की म्हणता, उद्यापासून नाल्यावर. मग जे रोज नाल्यावरच आहेत, त्यांनी काय केलंय?"

मागे सखाराम उभा होता. अकरा वर्षं नाल्यावर. उशीर त्याला कधीच झालेला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं नाही तेच बरं. मला मनापासून लाज वाटली.

सातला दिनेश आला. इस्त्रीचा शर्ट आणि तोंडाला रुमाल बांधलेला.

"साहेब, फोटो निकालनेवाले हैं क्या? कंपनीत कळलं तर माझं गेट बंद."

मी जॅकेट ड्रॉवरमध्ये टाकलं आणि कमलताईंना विचारलं, "मग याला देऊ काय?"

"येतं काय त्याला?"

"फिटर आहे."

त्यांनी शेडच्या मागे बोट दाखवलं. तिथे नऊ कचरागाड्या होत्या. कोणाचं चाक जाम, कोणाची दांडी वाकलेली. दुरुस्तीचे अर्ज वर्षभर पडून होते. तोवर लोक त्याच ढकलत होते.

साहेबांना फोन केला. ते भडकले. "ही कसली शिक्षा? सावलीत बसून स्क्रू पिळणार?"

"साहेब, कोर्टाने काम सांगितलंय, तमाशा सांगितला नाही." असं मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोललो. माझाच आवाज मला परका वाटला.

"सही तुमची आहे. कोर्टाने विचारलं तर उत्तर तुम्ही द्यायचं."

"देतो."

दिनेशला वाटलं, सुटलो. पण कमलताई तशा सोडणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी एक जाम चाकाची भरलेली गाडी त्याच्यापुढे ठेवली. "आधी ढकलून बघ. कुठे दुखतंय ते कळल्याशिवाय दुरुस्त काय करणार?" शेडला दोन फेऱ्या मारून तो घामाघूम झाला. रुमाल कधीच गळ्यात आला होता.

"हे रोज ढकलता?" त्याने विचारलं.

"रोज."

पाच दिवसांत त्याने सात गाड्या चालत्या केल्या. दोन गेलेल्याच आहेत, असं स्वच्छ सांगितलं. मी रिपोर्ट जसाच्या तसा लिहिला आणि कोर्टाने एक प्रश्नही न विचारता घेतला. त्याची दारू सुटली का, मला माहीत नाही. तो रकाना फॉर्ममध्ये नाही.

ते जॅकेट अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पुढच्या महिन्यापासून मी नाल्याची ड्यूटी पाळीपाळीने लावली. कुरकुर झाली, युनियनवाले येऊन भांडून गेले. सखारामला मी बाजाराचा बीट दिला, चांगला सावलीचा. पहिल्या सकाळी नवा झाडू घेऊन तो रस्त्यावर गेलाच नाही. सगळे पांगेपर्यंत शेडच्या दारात थांबला आणि मग हळूच म्हणाला, "साहेब, माझं काही चुकलं का?"

नाही म्हणताना मला जड गेलं. चुकलं होतंच, फक्त त्याचं नव्हतं.