घर एक की चार

एकोणीसशे साठच्या सुमारास वेंगुर्ल्याच्या भर बाजारपेठेत अनेक बिऱ्हाडांच्या माड्या बांधू द्याव्यात की नाही, यावर नगरपालिकेत सभा भरली. गुणाजी तांडेल विरोध करायला म्हणूनच गेला होता. जन्म गलबतावर गेला असला तरी घर कशाला म्हणतात ते त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"एका छपराखाली चार बिऱ्हाडं आली की रोजची कटकट," तो ठणकावून म्हणाला.

अध्यक्षांनी विचारलं, "तुमच्या घरात चुली किती?"

"चार. आम्ही चौघे भाऊ."

"बोलणं-चालणं?"

"धाकट्या लवूशी नाही. फणसावरून बिनसलं, त्याला वर्षं झाली."

"मग तुमचीही चार बिऱ्हाडंच की."

"तसं कसं? चवथीला गणपती एकच येतो आमच्याकडे."

यावर अध्यक्षांनी वाद सोडून विषय मताला टाकला, कारण चुली वेगळ्या होऊनही मूळ घरात एकच गणपती, हे त्यांच्याकडेही तसंच होतं. हात वर करायची वेळ आली तेव्हा गुणाजीला आपण कुठल्या बाजूचे तेच कळेना. तो तसाच उठून बाहेर पडला.

वाटभर त्याचं डोकं भणभणत होतं. घरी लवू ओटीवर जाळं दुरुस्त करत बसला होता. न राहवून गुणाजीने अबोला मोडला, "रे लवू, आपला घर एक की चार?"

लवूने मान वर केली नाही.

"चवथीक एक," तो म्हणाला. "आज चार."