दसऱ्याला उघडी असणारी घरं

कोकणात ओरोसला बदली होऊन चार महिने झाले होते. दोन हजार दोन-तीनचं साल असेल. नवऱ्याची नोकरी बार्शीला. मी आणि सात वर्षांची लेक इथे सरकारी क्वार्टर्समध्ये. सासूबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत पोर रुळली तर ठीक, नाहीतर तिला बार्शीच्या शाळेत घालू. पोर काही रुळत नव्हती. शाळेतून आली की खिडकीत बसायची आणि बार्शीत आता कोण काय करत असेल ते मला सांगायची. ती गेली तर मी इथे भिंतींशी बोलत बसणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिच्यापेक्षा मला माझीच जास्त काळजी वाटत होती. म्हणून मी सगळी मदार दसऱ्यावर ठेवली.

आमच्याकडे दसऱ्याच्या संध्याकाळी पोरं आपट्याची पानं घेऊन घरोघर जातात. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणायचं, वाकून नमस्कार करायचा, की हातावर लाडू, वडी, काहीतरी पडतंच. इथेही तिची पिशवी भरली, चार घरची माणसं तिच्याशी हसून बोलली, की तिचं मन रमेल असं मी धरून चालले.

पण घरं निवडायला हवीत. जन्म सरकारी नोकरीत गेलेला, तेव्हा मी आधी पाहणी केली. पंधरा दिवस ऑफिस सुटल्यावर फिरायला निघाल्याचं सोंग करून सगळ्या इमारती पालथ्या घातल्या. दाराबाहेर चपला किती, दार उघडं की लोटलेलं, पोरांची सायकल आहे का, मासे तळल्याचा वास येतो का. मागच्या दोन इमारती मला फार आवडल्या. तिथे बायका जिन्यात बसून गजाली करायच्या, एका घरचं कालवण दुसऱ्या घरी जायचं. पाण्याच्या टाकीजवळची इमारत मात्र मी पहिल्या दिवशीच बाद केली. दारं बंद, दाराशी चपलांचा एकेक जोड, आत टीव्ही. माणूसघाणे लोक. त्याच इमारतीत आम्ही राहत होतो.

दसऱ्याला लेकीला नवा फ्रॉक घातला, केसात झेंडू खोवला आणि पाचच्या सुमारास निघालो. मागच्या इमारतीत पहिल्या दाराला कुलूप. दुसऱ्यालाही. वरच्या मजल्यावर गेलो, तिथेही तेच. चौथ्या की पाचव्या कुलपानंतर लेक दार वाजवायच्या ऐवजी नुसती माझ्याकडे बघायला लागली.

जिन्यात एक बाई भेटल्या, काखेत पिशवी, हातात कुलूप, एसटी गाठायच्या घाईत.

"अगो बाये, आज हंय कोण गावतला? दसरो मां! सगळी आपापल्या गावाक गेली. देवळात सोना लुटल्याशिवाय आमचो दसरो होता काय?" मग माझ्या तोंडाकडे बघून थांबल्या. "येतास तर चला आमच्यावांगडा."

मी म्हटलं, "नको हो, आम्हाला बऱ्याच घरी जायचंय." एकही घर नव्हतं. पण मला मेलीला कुणाचं बोलावणं कधी घेताच आलं नाही. बाई गेल्या.

आम्ही घरी परतलो. आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर दिवा होता. गाव लांब असलेली, सणाला कुठेच जाता न येणारी माणसं सगळी इथेच होती, आणि मी त्यांना बाद करून बसले होते. आमच्या वरच्या घराची बेल लेकीनेच वाजवली.

परभणीकडच्या एक बाई होत्या. चार महिने डोक्यावर राहत होत्या आणि मी त्यांचा चेहरा धड पाहिला नव्हता. लेकीने पानं दिली, नमस्कार केला. त्यांनी तिला उठवलंच नाही, खाली बसून जवळ घेतलं. घरात गोड काही नव्हतं. एकटीसाठी काय करायचं, म्हणाल्या. बशीत साखर आणि शेंगदाणे आणले आणि ती खात असताना तिच्याकडे बघत राहिल्या.

"माझी पण तुझ्याएवढीच आहे. आजीकडे असते, परभणीला."

 माझ्या मनात आलं, बरं झालं, पोरीने पाहिलं. आई एकटी राहिली की कशी दिसते ते तिला कळलं. आता ती जाते म्हणणार नाही. हो, इतका स्वार्थी विचार मी केला.

जिना उतरताना तिने विचारलं, "त्यांची मुलगी रडत असेल का गं?"

तिला वाईट वाटू नये म्हणून मी म्हटलं, "छे, आजीकडे कुणी रडतं का?"

तिने थोडा विचार केला. "मग मीपण नाही रडणार."

दिवाळीनंतर नवरा येऊन तिला घेऊन गेला. एसटीच्या खिडकीतून तिने हात हलवला, आणि म्हटल्याप्रमाणे ती खरंच रडली नाही. मी तसं काही कबूल केलं नव्हतं.