नाव लिहायचं नाही म्हणे!

आर्जव मूळचा आष्ट्याचा. पस्तिशीचा गडी. सांगलीजवळ पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, तपासणी खात्यात, त्याला अकरा वर्षं झालेली. कामाला वाघ, पण संशयी म्हणजे किती? दूधवाल्यानं माप जरा भरून घातलं, तरी हा म्हणायचा, आज पाणी जास्त पडलंय.

अशा माणसाच्या मोबाइलवर कंपनीनं फॉर्म धाडला. तिशी-चाळिशीतल्या कामगारांना इथलं वातावरण कसं वाटतं? पाचपैकी गुण द्या. नाव लिहायचं नाही. खाली मात्र खातं विचारलं होतं. अन् खात्यात माणसं सहा! म्हणजे नाव सोडून सगळं गाव सांगायचं. त्यात सुपरवायझरची जागा रिकामी, आर्जवचा नंबर लागलेला, आणि नाव ठरवणार खात्याचे मुख्य, रविराज साहेब. पाच गुण देऊन मोकळं व्हावं, हेच शहाणपण.

पण साहेब चारचौघांत वाटेल ते बोलायचे, शिफ्ट ऐनवेळी बदलायचे. ते सगळं आर्जवच्या पोटात साचलेलं. त्यानं दोन दिले. बोली ओळखू येईल म्हणून 'लय' खोडून 'अत्यंत' केलं, 'न्हाई'चं 'नाही' केलं. सूचनेच्या चौकटीत लिहिलं, 'दुसऱ्या शिफ्टला जेवणाची सुट्टी सूर्यास्तापूर्वी असावी.' आणि दिला पाठवून.

घरी आल्यावर मोठ्या ऐटीत बायकोला, चंदनबालाला, सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला.

"आवं, तुमच्या खात्यात दिवस मावळायच्या आत जेवणारा जैन दुसरा कोण हाय? त्यापरास खाली सहीच ठोकायची हुती!"

आर्जवचं धाबं दणाणलं.

दुसऱ्या दिवशी तो कॅन्टीनमध्ये शिरला आणि टेबलावरची कुजबुज थांबली. त्याच्या मनात पाल चुकचुकली. त्यात खात्यातलाच, कोरेगावचा शिवतेज, ज्याच्याबरोबर त्यानं अकरा वर्षं डबा खाल्ला, तो विचारतो कसा, "गड्या, फॉर्मात किती दिलंस रं?"

"पाच," आर्जव म्हणाला.

शिवतेज गालातल्या गालात हसला. झालं! हाच साहेबांचा कान. आर्जवनं त्या दिवसापासून डबा दुसऱ्या टेबलावर नेला आणि त्याच्याशी बोलणंच टाकलं.

शनिवारी साहेबांनी सहाही जणांना केबिनमध्ये उभं केलं. हातात फॉर्मांचे कागद, चेहरा लालभडक.

"सहाच्या सहा फॉर्मांत गुण दोन! आणि सहाच्या सहांत सूर्यास्तापूर्वी जेवण! अरे, माझ्या खात्यात सहा जैन कधी झाले?"

दर रविवारी तांबडा रस्सा ओरपणारा शिवतेज गरीब तोंड करून म्हणाला, "साहेब, भूक लवकर लागती."

"सुपरवायझर आता बाहेरूनच आणतो! चला, निघा!"

बाहेर आल्यावर आर्जवनं शिवतेजचा दंड धरला. "ही काय भानगड हाय?"

"वहिनींचा फोन आला हुता. आमी पाचांनी फॉर्म भरायचाच हुता अजून. म्हटलं, एकटा घावण्यापरास समदीच घावू."

आर्जवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "शिवा, मला वाटलं, तूच चुगली केलीस."

"ठाव हाय. डबा हलवलास तवाच कळलं." शिवतेजनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "आता तरी खरं सांग, किती दिलंस?"

"दोन."

"मला दीड द्यायचा हुता. त्याचं बटणच न्हाई!"